तोंडाभोवतीचं पुरळ : आराम देणारी ट्यूबच जेव्हा आजार वाढवते

गेल्या उन्हाळ्यात औशात वधू-वर परिचय मेळाव्याची तयारी चालू होती. फॉर्म भरून घ्यायचं काम आम्हा कार्यकर्त्यांकडे होतं. एका ताईंनी मुलीचा फॉर्म दिला, पण फोटो दिला नाही. "चेहरा नीट झाला की देते," एवढंच म्हणाल्या. चार दिवसांनी मुलगीच आली. बी.एस्सी. झालेली, स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी रोज लातूरला ये-जा करणारी. स्कार्फ डोळ्यांपर्यंत घट्ट बांधलेला. आमच्यातल्या बायकांनी आत नेऊन विचारलं तेव्हा तिने तो सोडला. नाकाच्या दोन्ही कडांपासून हनुवटीपर्यंत बारीक लाल पुळ्या, मधेमधे पापुद्रे. ओठांच्या अगदी लगतची कड तेवढी स्वच्छ, कुणी रेघ मारून सोडल्यासारखी.

पर्समध्ये ट्यूब होती. मेडिकलवाल्याला चेहरा दाखवून घेतलेली. ती म्हणाली, "ही लावली की दोन दिवसांत बसतं. सोडली की दुप्पट येतं. आठ महिने झाले."

आम्ही कुणी डॉक्टर नाही. पण तिच्यासोबत त्वचारोग विभागात गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी चेहऱ्याआधी ट्यूब मागून घेतली आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. 'लावली की बसतं, सोडली की दुप्पट येतं' हे वाक्य आपण रोज ऐकतो असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर आम्ही वाचत गेलो, विचारत गेलो. वस्तीत, कॉलेजात, वसतिगृहात किती चेहरे याच वाटेवर आहेत ते दिसू लागलं. म्हणून हे लिहितो आहोत.

या आजाराला डॉक्टर पेरिओरल डर्मेटायटिस म्हणतात. सोप्या भाषेत, तोंडाभोवतीच्या त्वचेचा दाह. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९५७ साली त्याचं वर्णन केलं आणि हे नाव १९६४ साली मिळालं. साठ-सत्तरच्या दशकांत जास्त ताकदीची स्टिरॉइड मलमं सर्रास वापरात आली आणि या आजाराचे रुग्ण वाढले. हा योगायोग नव्हता. आजार प्रामुख्याने तरुण आणि मध्यम वयाच्या बायकांना होतो, पण पुरुषांना आणि लहान मुलांनाही होतो. तो संसर्गजन्य नाही. अशा मुलीचा टॉवेल वेगळा ठेवायचा, तिच्या ताटात जेवायचं नाही, असले प्रकार घरात होत असतील तर ते आजच थांबवावेत.

ओळख पटवायला दोन-तीन खुणा पुरतात. पुळ्या बारीक, एकसारख्या आणि घोळक्याने येतात. मुरमात दिसणारे काळे-पांढरे ठिपके यात नसतात. ओठांना लागून एक अरुंद पट्टी बहुधा मोकळी राहते. खाज कमी, जळजळ आणि ओढल्यासारखं जास्त. काहींना नाकाच्या बाजूला आणि डोळ्यांच्या कडेलाही येतं. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. पुळ्या तपकिरी, काळपट दिसतात आणि बसल्यावर डाग मागे राहतात. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांचे असतात, त्यामुळे आपल्या मुलींना त्या फोटोत आपला चेहरा सापडत नाही.

ट्यूब आत काय करते

चेहऱ्याची त्वचा पातळ असते, औषध ती लवकर शोषते. स्टिरॉइड मलम लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो. लाली जाते, चेहरा उजळ वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरशात फरक दिसतो, म्हणून विश्वास बसतो. पण त्याच वेळी त्वचेचं वरचं संरक्षक आवरण कमकुवत होत असतं आणि जंतू, बुरशी, केसांच्या मुळाशी राहणारे अतिसूक्ष्म किडे यांना रोखण्याची तिची ताकद घटत असते. मलम थांबवलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, दबलेला दाह उसळतो. चेहरा लाल, गरम, पुळ्यांनी भरलेला. माणूस घाबरून पुन्हा ट्यूब पिळतो आणि पुन्हा बसतं. दारूच्या उतारावर दारू घेणाऱ्याचं जे होतं तेच इथे चेहऱ्याचं होतं.

वर्ष-दोन वर्षं असं चाललं की त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल धाग्यांसारख्या रक्तवाहिन्या कायमच्या दिसू लागतात, बायकांच्या गालावर-हनुवटीवर लव वाढते, ऊन सहन होत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना असे चेहरे इतके दिसू लागले की त्यांनी 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' या अर्थाचं वेगळं नावच या अवस्थेला दिलं. तोंडाभोवतीचं पुरळ हा त्याचाच एक भाग.

स्टिरॉइड वाईट औषध आहे, असं आम्ही म्हणत नाही. योग्य आजाराला, योग्य ताकदीचं, ठरलेले दिवस दिलं तर ते फार उपयोगी आहे. आपल्याकडची अडचण मिश्रणाची आहे. एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. खाज असो, नायटा असो, मुरूम असो, काहीही असलं तरी काहीतरी लागू पडेलच, असा हिशेब. पाठीमागे क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी नाव दिसलं तर ती स्टिरॉइडची ट्यूब समजावी. नाव 'ओन' किंवा 'ओल' ने संपतं म्हणून सगळी स्टिरॉइड नसतात (क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं औषध आहे), तेव्हा शेपूट न बघता पूर्ण नाव वाचावं. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला की अक्षरं दिसतात.

देशातल्या १२ केंद्रांवर त्वचारोगाच्या रुग्णांची पाहणी झाली होती, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या २५७ जणांना ते कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. मैत्रीण, शेजारीण, पार्लर, मेडिकलवाला. शंभरावर लोक ते गोरं होण्यासाठी, रोजची क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावत होते. मुलगे यातून सुटलेले नाहीत हे लक्षात घ्या. दाढीनंतर सलूनमध्ये चोळलेली पांढरी क्रीम कसली होती, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं आहे?

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. स्टिरॉइड औषधं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीत होती, पण बाहेरून लावण्याच्या मलमांना त्यातून सूट होती. या पळवाटेवर त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने बरीच वर्षं आवाज उठवला. शेवटी २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १४ स्टिरॉइड मलमांची ही सूट काढून घेतली. आता त्या ट्यूबवर 'आरएक्स' ही खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असते. सूचना ट्यूबवर आहे, काउंटरवर नाही. विनाचिठ्ठी विक्रीची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी करता येते. ट्यूबचा फोटो, बॅच नंबर आणि मिळालं तर बिल जोडावं. बिल मागितलं की ट्यूब देताना हात आखडतो, हा आमचा अनुभव आहे.

गोरेपणाचा रकाना

त्या मुलीला पुरळ आधी नव्हतंच. गालावर थोडा वांग होता आणि रंग सावळा. क्रीम सुरू झाली ती रंगासाठी. वांगासाठी डॉक्टर एक तिहेरी मिश्रण देतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टिरॉइड. अमेरिकेत १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी असं मिश्रण मांडलं. ते ठरावीक डागावर, थोडे दिवस, देखरेखीखाली वापरायचं असतं. आपल्याकडे तीच ट्यूब 'गोरी करणारी' म्हणून पूर्ण चेहऱ्यावर वर्षानुवर्षं लागते. त्याच १९७५ साली भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली होती. २०२० मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. त्याच वर्षी गोरेपणाच्या औषधी जाहिरातींवर शिक्षेची तरतूद करणारा कायद्याचा मसुदा केंद्राने पुढे आणला. नावं बदलली. मुलगी बघायला आलेल्यांची नजर बदलली का, ते प्रत्येकाने आपल्या घरात पाहावं.

जातीच्या उतरंडीविरुद्ध बोलणारे आम्ही बायोडाटात मात्र 'रंग : गोरा / गव्हाळ / सावळा' असा रकाना छापतो. आमच्याही फॉर्मवर तो होता. कुणी ठरवून टाकलेला नव्हता, जुना फॉर्म झेरॉक्स करत आलो, एवढंच. पण त्या रकान्यात टिक करणाऱ्या मुलीच्या हातात नंतर ट्यूब येते.

याहून गंभीर टोकही आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. गोरं करणारी क्रीम वापरणाऱ्या एकाच कुटुंबातल्या तीन महिलांना किडनीचा त्रास झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात केलेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही असे रुग्ण सापडले. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, घटकांची यादी नाही, लेबल परदेशी भाषेत, अशी डबी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळाली तर ती घेऊ नये. वापरत असाल आणि पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर त्वचेच्या नाही, आधी फिजिशियनकडे जा आणि डबी सोबत न्या.

भडकवणाऱ्या इतर गोष्टी

स्टिरॉइड हे सर्वांत मोठं कारण, पण एकमेव नाही. दम्याचा पंप घेणाऱ्यांच्या तोंडाभोवती औषधाचा अंश राहतो. पंप बंद करायचा नाही, घेतल्यावर चूळ भरायची आणि तोंड धुवायचं. काहींना फ्लोराइडच्या किंवा दालचिनीचा तिखट स्वाद असलेल्या टूथपेस्टने त्रास वाढतो. महिनाभर साधी पेस्ट वापरून फरक बघता येतो. हिवाळ्यात व्हॅसलिन किंवा जाड क्रीमचा थर, त्यावर फाउंडेशन, त्यावर पावडर, अशाने त्वचा गुदमरते. कोरोनाच्या काळात मास्कखाली असं पुरळ अनेकांना उठलं. लातूर रोडला मे महिन्यात स्कूटीवर बांधलेला, घामाने भिजलेला स्कार्फ त्याहून वेगळा नाही. बांधायला हरकत नाही, पण सुती असावा, रोज धुतलेला असावा आणि पोचल्यावर लगेच सोडावा.

मिश्रीचंही सांगायला हवं. आपल्या आई-आज्यांच्या हातात ती अजून आहे, आणि काही तरुण मुलींच्याही. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांबरोबर ओठांवर आणि कडेलाही फिरते. तिथली त्वचा आधीच चिडलेली असेल तर आणखी चिडते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. लिंबू, बेसन, खायचा सोडा, पुळीवर टूथपेस्ट, हे घरगुती प्रयोगही याच यादीत. "उष्णता झाली", "पोट साफ नाही" म्हणून मुलीचं वांगं आणि अंडं बंद करण्याने हे पुरळ जात नाही. अंडं खाऊ द्या.

आता, तोंडाभोवती दिसलं म्हणजे हाच आजार, असंही नाही. कडेने वाढत जाणारं, मधे साफ होणारं, खाजणारं चकंदळ असेल तर तो नायटा असू शकतो. नायट्यावर स्टिरॉइडची मिश्र ट्यूब लावली की त्याचा आकार बिघडतो आणि डॉक्टरांनाही लवकर ओळखू येत नाही. तोंडाचे कोपरे फाटत असतील तर लोह किंवा बी जीवनसत्त्वाची कमतरता, बुरशी, म्हाताऱ्या माणसांत कवळी सैल होणं अशी कारणं असतात. अंगणवाडीतल्या पोराच्या तोंडाजवळ मधाच्या रंगाच्या खपल्या दिसल्या तर तो जंतुसंसर्ग, आणि हा मात्र पसरतो. तापानंतर ओठावर दुखरे पाणीदार फोड येतात तो विषाणूचा प्रकार. कैरी-आंब्याचा चीक लागून ओठांभोवती उततं ते चार-आठ दिवसांचं. आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे ज्याला बिब्बा उततो त्याने आंबा सालीसकट चोखताना जपावं.

शेतात कामाला जाणाऱ्यांसाठी गाजरगवत हे वेगळंच प्रकरण आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलेलं हे गवत आता सोयाबीनच्या बांधापासून रस्त्याकडेपर्यंत सगळीकडे आहे. त्याच्या वाळलेल्या कणांची अॅलर्जी झाली की पापण्या, मान, कानामागची घडी, कोपराचा आतला भाग असं सगळं जाड होऊन खाजतं. केवळ तोंडाभोवती थांबत नाही. औसा तालुक्यात खुरपणीला जाणाऱ्या बायकांनी ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण तो शहरातल्या ओपीडीत न सांगता कळणारा तपशील नाही.

थांबवणं हेच पहिलं औषध

उपचाराची सुरुवात काही लावण्याने होत नाही, काढून घेण्याने होते. स्टिरॉइड बंद, मेकअप बंद, फेशियल-ब्लीच बंद, सुगंधी साबण बंद. कोमट किंवा साध्या पाण्याने चेहरा धुवायचा, टॉवेलने घासायचा नाही, टिपायचा. सौम्य प्रकारात एवढ्यावरही काही आठवड्यांत आराम पडतो. गरजेप्रमाणे डॉक्टर मेट्रोनिडाझोल किंवा एरिथ्रोमायसिन लावायला देतात, जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या काही आठवडे. या गोळ्या गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, म्हणून त्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून आणू नयेत. जास्त ताकदीचं स्टिरॉइड खूप महिने लावलं असेल तर डॉक्टर कधी हलक्या मलमावर आणून ते हळूहळू बंद करतात. तो निर्णय त्यांचा.

सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे कुणी आधी सांगत नाही : बंद केल्यावर पहिले एक-दोन आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. काहींचा जास्त दिवस. औषध चुकलं, डॉक्टर चुकला असं वाटतं. बहुतेक जण नेमके इथे माघारी फिरतात. घरचेही म्हणतात, "ती जुनी ट्यूबच बरी होती." या पंधरवड्यात मुलीला आरशापेक्षा माणसांची गरज असते. लग्न, परीक्षा, मुलाखत तोंडावर नसेल असा काळ निवडता आला तर बरं. पूर्ण बरं व्हायला महिना ते तीन महिने धरून चालावं, जुनं असेल तर त्याहून जास्त.

जायचं कुठे? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून पुढची चिठ्ठी घेता येते. वीसेक किलोमीटरवर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. लपवू नका. डॉक्टर रागावले तरी ऐकून घ्या, पण नावं सांगा. चेहरा सुजला, ताप आला, पू झाला किंवा डोळ्याजवळ पसरलं तर थांबू नका.

ती मुलगी नवव्या दिवशी रडत आली होती. चेहरा टोमॅटोसारखा. तिची आई ट्यूब आणायला निघालीच होती. आम्ही दोघीजणी तिच्या घरी बसलो, चहा झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या आठवड्यापासून उतार पडला. मेळावा तर केव्हाच होऊन गेला होता. अडीच महिन्यांनी तिने फोटो आणून दिला, हनुवटीवर फिकट डाग तसेच असलेला.

यंदाच्या फॉर्मवरून आम्ही रंगाचा रकाना काढला आहे. आतापर्यंत आलेल्या फॉर्मपैकी दोघा पालकांनी तो समासात हाताने लिहून दिला.